४६८ मॅचेस, ८५० कॉन्सर्ट

आधी एक साधं गणित सांगतो, मग बाकीचं बोलू. अमेरिकन बास्केटबॉलपटू बिल वॉल्टन एनबीएत, म्हणजे तिथल्या व्यावसायिक लीगमध्ये, रेग्युलर सीझनच्या एकूण ४६८ मॅचेस खेळला, प्लेऑफच्या (म्हणजे सीझननंतरच्या बाद फेऱ्यांच्या) ४९ धरल्या तर ५१७. आणि ग्रेटफुल डेड नावाचा जो अमेरिकन रॉक बँड होता, तो आणि पुढे त्यातूनच निघालेले बँड, यांच्या कॉन्सर्टना हा माणूस किती वेळा गेला तर मोजदाद ८५० च्या वर जाते. म्हणजे ज्या कामासाठी त्याला १९९३ मध्ये हॉल ऑफ फेममध्ये घेतलं ते काम त्यानं जितक्या वेळा केलं, त्यापेक्षा कितीतरी जास्त वेळा तो कुठल्यातरी हॉलमध्ये नाहीतर मैदानात गर्दीत उभा राहून दुसरी माणसं वाजवतायत ते ऐकत होता. हात वर करून, मान हलवत, नाचत. उंची सात फुटाला एक इंच कमी, त्यामुळे लपायची सोय नव्हतीच.

२७ मे २०२४ ला तो गेला. कॅन्सर होता, वय ७१. त्या आठवड्यात फॅन लोकांनी जे काही टाकलं ते मी बराच वेळ बघत बसलो होतो आणि एक गोष्ट लगेच डोळ्यात भरली, पोर्टलँडची किंवा बोस्टनची जर्सी घातलेले फोटो होतेच पण त्याच्या बरोबरीनं रंगीबेरंगी टाय-डाय टीशर्ट घातलेला, पांढऱ्या केसांचा, तोंडभर हसणारा वॉल्टन होता. लोक मॅचच्या आठवणी सांगत होते आणि कॉन्सर्टच्या पण, अमुक शोला तो आमच्या पुढच्या रांगेत होता, काही दिसलं नाही आम्हाला पण मजा आली, अशा. डेडमधूनच निघालेल्या डेड अँड कंपनी या बँडचे लास व्हेगासच्या स्फिअर नावाच्या हॉलमध्ये तेव्हा शो चालूच होते, तिथं त्यांनी त्या अवाढव्य पडद्यावर त्याचे फोटो लावून गाणं वाजवलं. बास्केटबॉलपटूला बँडनं दिलेला निरोप. असं किती जणांच्या वाट्याला येतं?

आणि मग आलंच ते वाक्य. येणारच होतं. "हे सगळं ठीक आहे हो, पण गाण्याबजावण्याच्या नादी लागला नसता तर आणखी किती मोठा झाला असता."

मला हे वाक्य सहन होत नाही. वॉल्टनबद्दल तर ते सरळसरळ खोटंच आहे, पण त्याच्याही पलीकडे, या एका वाक्यावर आपण खेळणाऱ्या पोरांना वाढवतो, खेळाडूंना जोखतो, आणि मेल्यावर त्यांचा हिशोबसुद्धा मांडतो. म्हणून जरा सविस्तर भांडायचंय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, कारण आपल्याकडे बास्केटबॉल म्हटलं की जॉर्डन, कोबी, लेब्रॉन, करी, संपलं. वॉल्टन कॅलिफोर्नियातला, सॅन दिएगोजवळच्या ला मेसाचा, जन्म १९५२. यूसीएलए कॉलेजात जॉन वुडन या कोचच्या हाताखाली तीन सीझन खेळला, त्यात ८६ मॅच जिंकल्या, ४ हरल्या. यूसीएलएचा तो सलग ८८ विजयांचा प्रसिद्ध सिलसिला, त्यातले ७३ वॉल्टनच्या काळातले. १९७३ च्या फायनलला मेम्फिस स्टेटविरुद्ध त्यानं २२ शॉट मारले, २१ आत गेले, ४४ पॉइंट. एक चुकला. १९७४ ला पोर्टलँडनं ड्राफ्टमध्ये (लीगच्या टीम नवे खेळाडू निवडतात त्यात) पहिल्या नंबरावर उचलला, १९७७ ला त्यानं पोर्टलँडला चॅम्पियन केलं (आजपर्यंतचं त्यांचं ते एकमेव जेतेपद), १९७८ ला एमव्हीपी, म्हणजे लीगमधला सगळ्यात मोलाचा खेळाडू. वय तेव्हा पंचवीस.

आता वुडनबद्दल सांगायला हवं, कारण "लक्ष फक्त खेळावर पाहिजे" म्हणणारे लोक नेहमी अशाच कोचचा दाखला देतात. वुडन म्हणजे कडक शिस्तीतला, शाळामास्तर वळणाचा माणूस. वॉल्टन आणि बाकीची पोरं पहिल्या दिवशी प्रॅक्टिसला आली, देशातली सगळ्यात भारी पोरं, आता हा महान कोच काहीतरी गुरुमंत्र देणार म्हणून कान टवकारून बसलेली, आणि वुडननं त्यांना शिकवलं काय तर मोजे कसे घालायचे. सुरकुती राहता कामा नये, सुरकुती राहिली की फोड येतो, फोड आला की प्रॅक्टिस बुडते. मग बुटाच्या नाड्या. झालं. वॉल्टन हा किस्सा आयुष्यभर सांगत आला. दुसरा किस्सा केसांचा. सीझनच्या सुरुवातीला वॉल्टन केस वाढवून आला आणि म्हणाला मी कापणार नाही, हा माझा हक्क आहे वगैरे. वुडन शांतपणे म्हणाला की स्वतःच्या मतावर ठाम राहणाऱ्या माणसांबद्दल मला आदर आहे, टीमला तुझी उणीव भासेल. वॉल्टन सायकलवर बसला आणि न्हाव्याकडे पळाला.

म्हणजे बघा, एकाच वेळी हा पोरगा वुडनचे मोजेही नीट घालत होता, व्हिएतनाम युद्धाविरोधात १९७२ मध्ये कॅम्पसवर निदर्शनं करताना अटकही करून घेत होता, आणि डेडच्या कॉन्सर्टलाही जात होता. डेडची सवय तर कॉलेजच्याही आधीची, १९६७ पासूनची, म्हणजे शाळेतली. एकानं दुसऱ्याचं काही बिघडवलं नाही. तिन्ही एकाच माणसात राहत होती आणि त्याच तीन वर्षांत ८६-४ झालं.

बिघडवलं ते पायानं.

हे जरा थांबून सांगतो. १९७७-७८ च्या सीझनला पोर्टलँडची टीम ५० जिंकलेल्या आणि १० हरलेल्या अशा अवस्थेत होती आणि वॉल्टनचा पाय गेला. फक्त ५८ मॅच खेळून त्याला एमव्हीपी मिळालं, यावरून कल्पना करा कसा खेळला असेल. मग प्लेऑफ आली. सिएटलविरुद्ध सिरीज. सगळ्या शहराला तो कोर्टवर हवा होता, त्याला स्वतःलाही जायचं होतंच, तर पायात वेदनाशामक इंजेक्शन घेऊन तो उतरला. नंतर एक्सरेमध्ये दिसलं की डाव्या पायातलं हाड मोडलंय. तिथून मग वाद, क्लबच्या वैद्यकीय निर्णयांवर त्यानं जाहीर आक्षेप घेतला, मला दुसऱ्या टीमला द्या म्हणाला, १९७८-७९ चा अख्खा सीझन बाहेर बसला. पुढे सॅन दिएगो क्लिपर्सकडे गेला, तिथं पहिल्या वर्षी १४ मॅच आणि त्यानंतर सलग दोन वर्षं शून्य. तीसहून जास्त ऑपरेशन्स झाली त्याची आयुष्यभरात.

आता मला सांगा, यात गिटार कुठं आली? कुठल्या कॉन्सर्टमध्ये त्याचं हाड मोडलं? मोडलं ते तर, "बाकी सगळं सोड, मॅच महत्त्वाची" याच न्यायानं. मोडक्या पायाला सुई टोचून माणूस कोर्टवर उतरतो ती निष्ठा कमी पडल्याची खूण नाहीये, जास्त झाल्याची आहे. पण निष्ठेला दोष द्यायची आपल्याला सवय नाही ना, आपण दोष देणार छंदाला.

त्याच १९७८ च्या सप्टेंबरात डेड इजिप्तला गेले, गिझाच्या पिरॅमिडच्या पायथ्याशी १४, १५, १६ तारखेला तीन रात्री वाजवलं, शेवटच्या रात्री खग्रास चंद्रग्रहण होतं. आणि वॉल्टन तिथं होता. पाय कामातून गेलेला, पोर्टलँडशी फाटलेलं, पुढचं काही ठरलेलं नाही आणि हा स्वारी करून पिरॅमिडजवळ. पोर्टलँडच्या एखाद्या फॅनच्या डोक्यात तिडीक गेली असेल तर मी समजू शकतो, मी असतो तर माझ्याही गेली असती. पण तो तिथं गेला नसता तर पाय बरा झाला असता का? घरी पलंगावर पडून छताकडे बघत बसला असता एवढंच. आपल्याला जखमी खेळाडू दुःखी दिसायला हवा असतो. हसताना दिसला की वाटतं याला काही पडलेलीच नाही.

माझ्या बरोबर शाळेच्या टीममध्ये एक मुलगा होता, नाव नको, उत्तम पॉइंट गार्ड (म्हणजे बॉल घेऊन खेळ चालवणारा), आणि आठवड्यातून दोनदा तबल्याच्या क्लासला जायचा. सरांनी एक दिवस सगळ्यांसमोर विचारलं, तुला बॉल बडवायचाय की तबला. सगळे हसलो आम्ही, मी पण हसलो. त्यानं तबला सोडला. दहावीनंतर बास्केटबॉलही सुटलं, ते सगळ्यांचंच सुटतं. आता दहावीला खेळाचे वेगळे मार्क मिळतात, शास्त्रीय कलांचे वेगळे मिळतात, चांगलंच आहे, पण दोन्हीकडे सर्टिफिकेट लागतं, म्हणजे परीक्षा दे, स्टेजवर जा, नंबर काढ. नुसतं आवडतं म्हणून जाऊन ऐकतो याला मार्क नाहीत. असावेत असंही मी म्हणत नाही, मार्क ठेवले की त्याचीही वाट लागेल.

आणि इथंच वॉल्टनचं वेगळेपण आहे असं मला वाटतं. खेळाडू आणि संगीत म्हटलं की आपल्याला करून दाखवणारे आठवतात. वेमन टिसडेल, एनबीएत बारा सीझन खेळला आणि बेस गिटारवर खराखुरा जॅझ वाजवायचा, अल्बम काढले, २००९ मध्ये गेला बिचारा. शकील ओनीलनं रॅप केलं, आता डीजे म्हणून फिरतो. आपल्या गावसकरांची मराठी गाण्याची रेकॉर्ड निघालीच होती की. हे सगळे स्टेजवर गेले. वॉल्टन पण कधीमधी चढायचा स्टेजवर, इजिप्तमध्ये ड्रमवर हात मारून घेतला, थर्टी फर्स्टच्या शोला काळपुरुषाचा वेश करून यायचा, पण ती सगळी गंमत. मुळात तो श्रोता होता. आपल्याकडे म्हणतात ना, तानसेन नाही तर निदान कानसेन व्हा. हा सहा फूट अकरा इंचांचा कानसेन होता.

हे वाटतं तितकं सोपं नाहीये. वयाच्या विशीपासून ज्याला वीस हजार माणसं बघायला येतात त्यानं स्वतः वीस हजारांतला एक होऊन उभं राहायचं आणि दुसऱ्याच्या वाजवण्याला दाद द्यायची, ती पण एकदा दोनदा नाही, साडेआठशे वेळा. मोठ्या माणसांना दाद घ्यायची सवय लागली की द्यायची जाते, हे आपण सवाईच्या मांडवापासून साहित्य संमेलनापर्यंत सगळीकडे बघतोच, पहिल्या रांगेतला माणूस आपला सत्कार झाला की उठून जातो.

लॉस एंजेलिस लेकर्सचा स्टार करीम अब्दुल-जब्बारचं उदाहरण याच जातीचं आहे, फक्त तो जॅझवाला. वडील पोलिसात होते पण ट्रॉम्बोन शिकलेले, ज्युलियार्डमध्ये. करीमकडे जॅझच्या हजारो रेकॉर्ड होत्या, १९८३ च्या जानेवारीत घराला आग लागली आणि सगळा संग्रह जळाला. मग काय झालं, तर लेकर्सची टीम ज्या ज्या गावी खेळायला जाईल तिथं फॅन लोक त्याच्यासाठी जॅझच्या रेकॉर्ड घेऊन यायला लागले. ऑटोग्राफ मागायला नाही, रेकॉर्ड द्यायला. करीम तसा तुटक माणूस, लोकांशी फारसा बोलायचा नाही, फॅनशी त्याचं जमलं असं कोणी म्हणत नव्हतं. पण तो काय ऐकतो हे कळल्यावर लोकांना त्याच्यापर्यंत जायला दार सापडलं. स्कायहूक हा त्याचा खास शॉट बघून टाळी वाजवता येते, त्याच्याशी बोलता नाही येत.

वॉल्टनचं तर बोलण्याचंच वेगळं रामायण होतं. वयाच्या २८ पर्यंत तो अडखळत बोलायचा, चांगलंच अडखळत, एमव्हीपी झाला तेव्हासुद्धा मुलाखत म्हणजे शिक्षा. मग मार्टी ग्लिकमन नावाच्या जुन्या कॉमेंटेटरनं त्याला काही युक्त्या सांगितल्या आणि त्यानं मेहनत घेतली. मला नेहमी वाटतं (हे माझं वाटणं आहे, पुरावा मागू नका) की ज्या पोराला चारचौघांत तोंड उघडायची भीती, त्याला हजारो माणसांची अशी गर्दी सापडली जिथं कोणी कोणाला बोलायला लावत नाही आणि तरी सगळे एकत्र आहेत, तर तो तिथं परत परत जाणारच.

आणि तो बँडही तसाच. डेडचं काय होतं की ते ठरवलेलं वाजवायचे नाहीत. कालची गाणी आज त्याच क्रमानं येणार नाहीत, आलंच तेच गाणं तर मधला भाग वेगळ्याच दिशेला जाईल, कधी भरकटेल, कधी वीस मिनिटं नुसतं चाचपडणं. चार-पाच जण एकमेकांकडे कान लावून वाजवतायत. लोकांनी रेकॉर्डिंग केलेलं त्यांना चालायचं, १९८४ पासून तर माईक घेऊन येणाऱ्यांसाठी वेगळी जागाच ठेवली, अट एकच, धंदा करायचा नाही, कॅसेटच्या बदल्यात कॅसेट. आपल्याकडे जुन्या मैफिलींच्या कॅसेट जशा हातोहात फिरायच्या, "अमक्याच्या घरच्या बैठकीतला मारवा आहे का रे तुझ्याकडे", डिट्टो तसंच. बँडच्या मागं गावोगाव फिरणाऱ्या लोकांना वारकऱ्यांची उपमा द्यायचा मोह होतोय पण आवरतो, वारीला तिकीट नसतं.

वॉल्टनचा खेळ बघा आता. जुने व्हिडिओ आहेत. रिबाउंड (हुकलेल्या शॉटचा परत आलेला बॉल) घेतो आणि पाय जमिनीला टेकायच्या आत मान वळलेली असते, बॉल अर्ध्या कोर्टापलीकडे गेलेला असतो. सेंटर म्हणजे बास्केटखाली उभा राहून धक्काबुक्की करणारा असा तो काळ, आणि हा वरच्या बाजूला उभा राहून चारी जणांना पळवतोय, कोण कुठं मोकळा होणार हे आधी ऐकू आल्यासारखं पास देतोय. १९७७ चं पोर्टलँड म्हणजे जॅक रॅमसेच्या कोचिंगखालची अशी टीम की बॉल कोणाच्या हातात थांबायचाच नाही. बास्केटबॉल आणि बँड एकच आहे असं तो स्वतः आयुष्यभर सांगत राहिला, लोकांना वाटायचं हिप्पी बडबडतोय. मला नाही वाटत. दुसऱ्याच्या सुरावर लक्ष ठेवून आपला सूर लावायचा हे जर खेळात कामाचं नसेल तर मग काय असतं.

१९८५-८६ चं बोस्टन घ्या. एकेकाळचा एमव्हीपी, आता बेंचवर बसतो, लॅरी बर्ड आणि मॅकहेल वगैरे सुरू करतात, हा मध्येच उठून जातो आणि जेवढी मिनिटं मिळतील तेवढ्यात टीमचा सूर पकडतो. ८० मॅच खेळला त्या वर्षी, आयुष्यातला उच्चांक. टीमनं घरच्या कोर्टवर ४१ पैकी ४० जिंकल्या, जेतेपद मिळालं, वॉल्टनला सिक्स्थ मॅन ऑफ द इयर, म्हणजे बेंचवरून येणाऱ्यांतला सर्वोत्तम. बर्ड-मॅकहेल मंडळींना त्यानं धरून डेडच्या कॉन्सर्टलाही नेलं. बर्ड म्हणजे इंडियानाच्या खेड्यातला, त्या रंगीत गर्दीत काय चेहरा करून उभा असेल देव जाणे. पण मुद्दा असा की स्टार असून बेंचवर बसायचं आणि कुढायचं नाही हे जमायला ऐकायची सवय असावी लागते. सगळ्या स्टारना नाही जमत. उदाहरणं देत नाही, कमेंटमध्ये मारामारी होईल.

नंतर कॉमेंट्री. हे एक वेगळंच प्रकरण. कॉलेज बास्केटबॉलची मॅच चालू आहे, स्कोअर बरोबरीत, आणि वॉल्टन ज्वालामुखीबद्दल बोलतोय, नदीबद्दल बोलतोय, डेडच्या गाण्याबद्दल बोलतोय, एकदा तर पेटत्या मेणबत्तीसकट कपकेक तोंडात घातला लाइव्ह. निम्मे लोक फिदा, निम्मे वैतागलेले, "बाबा मॅचबद्दल बोल ना". मी स्वतः दोन्ही गटांत आहे, मॅच अटीतटीची असेल तर मलाही तो नको व्हायचा. पण ही "मॅचबद्दल बोल" वाली तक्रार आणि २०१८ मध्ये एका न्यूज अँकर बाईंनी लेब्रॉन जेम्सला राजकारणावर बोलला म्हणून टीव्हीवरून सुनावलं होतं की तोंड बंद ठेव आणि बॉल टप्पे मार, या दोन गोष्टी दिसतात तितक्या लांबच्या नाहीत. एक प्रेमळ आहे, एक विखारी आहे, पण मागणी तीच. तुला ज्या कामासाठी ठेवलंय तेवढंच कर. तेवढाच रहा.

आता माझ्या विरुद्ध बाजूचं पण बोलतो, नाहीतर एकतर्फी होईल.

पहिलं म्हणजे साडेआठशे कॉन्सर्ट करायला पैसा लागतो, वेळ लागतो, आणि बँडच्या ओळखी असतील तर बॅकस्टेजचं दार उघडतं. गोदामात बारा तास काम करणारा माणूस इतका रसिक होऊ शकत नाही. मान्य. दुसरं, डेडच्या भोवती ड्रग्ज होती, भरपूर होती, बँडचा गिटारवाला जेरी गार्सिया १९९५ मध्ये ५३ व्या वर्षी व्यसनमुक्ती केंद्रात असतानाच वारला, त्याला रंगवून सांगण्यात अर्थ नाही. कुठल्या आईबापाला वाटेल पोरानं त्या गर्दीत जावं. हेही मान्य, फक्त हे संगीतावरचं नाही, त्या काळातल्या त्या गर्दीवरचं बोलणं झालं.

तिसरा आक्षेप मात्र मला खरंच टोचतो आणि तो फॅन लोकांवर आहे, म्हणजे माझ्यावरही. आपण त्याला गोड करून टाकला. टाय-डायवाला, नाचणारा, सगळ्यांना मिठ्या मारणारा आजोबा. आता १९७२ ला युद्धाविरोधात पोलिसांच्या गाडीत बसलेला पोरगा, राष्ट्राध्यक्ष निक्सनला शिव्या घालणारा, ज्याच्यावर अर्धा देश खवळला होता, तो कुठं गेला? २००८ च्या सुमाराला पाठीचा कणा इतका गेला होता की तो जमिनीवर पडून असायचा, जेवण पण जमिनीवर, आत्महत्येचे विचार यायचे असं त्यानं स्वतः उघडपणे सांगितलंय. नंतर मोठं ऑपरेशन झालं आणि मग तो परत आला, आणि जे हसू आपण फोटोत बघतो त्यातलं बरंचसं त्यानंतरचं आहे. संगीताची आवड सांगताना आपण ती त्याच्या दुखण्यावरून आणि रागावरून पांघरूण घातल्यासारखी वापरली तर मग "नादी लागला नसता तर" म्हणणाऱ्यांत आणि आपल्यात फार फरक नाही, त्यांनी गाणं कापून टाकलं, आपण बाकीचं.

थोडं आपल्या बाजूचं. हा सगळा मामला अमेरिकेतला, आपला काय संबंध असं वाटेल, तर दोन धागे आहेत आणि मला दोन्ही सापडले तेव्हा उगाच आनंद झाला होता. एक म्हणजे ऑक्टोबर २०१९. एनबीएच्या भारतातल्या पहिल्या मॅचेस वरळीच्या एनएससीआय डोममध्ये झाल्या, सॅक्रामेंटो किंग्ज आणि इंडियाना पेसर्स, पहिल्या दिवशी प्रेक्षक म्हणजे शाळेची पोरं, कान किटतील असा कल्ला. किंग्जचे मालक विवेक रणदिवे मुंबईत वाढलेले हे सगळ्या पेपरांनी छापलं. किंग्जचा कोच कोण होता? ल्यूक वॉल्टन, बिलचा मुलगा, पोर्टलँडचा सहकारी मॉरिस लुकस याच्यावरून नाव ठेवलेला. दोन्ही मॅच हरला तो भाग वेगळा. नागपाड्याच्या गल्लीत पिढ्यान् पिढ्या बास्केटबॉल खेळला जातो, तिथल्या कोणी म्हाताऱ्यानं त्या दिवशी ते आडनाव ओळखलं असेल का असं मनात येतं.

दुसरा धागा माहीमचा. डेडचा ड्रमर मिकी हार्ट साठच्या दशकात माहीमच्या उस्ताद अल्लारखांच्या प्रभावात आला, त्यांच्याकडून तालाचे हिशोब घेतले, बँड अकरा मात्रांत वाजवायला लागला. पुढे झाकीर हुसेन आणि हार्ट यांची जोडी जमली ती आयुष्यभराची, १९७६ चा दिगा ऱ्हिदम बँड, मग १९९१ चा प्लॅनेट ड्रम ज्याला ग्रॅमी मिळालं. डेडच्या शोमध्ये मध्यावर नुसता ड्रमचा लांबलचक भाग असायचा. म्हणजे वॉल्टन हात वर करून जे ऐकत होता त्यात कुठंतरी माहीमच्या घरातलं काहीतरी मिसळलेलं होतं. २०२४ मध्ये मे महिन्यात वॉल्टन गेला, ऑक्टोबरमध्ये डेडचा बेसवाला फिल लेश, डिसेंबरमध्ये झाकीरभाई. आमच्या त्या पॉइंट गार्डला मी झाकीरभाई गेल्याच्या दिवशी मेसेज केला होता. त्यानं नुसता हात जोडलेला इमोजी पाठवला. तबल्याचं काही विचारायची माझी हिंमत झाली नाही.

एक शेवटचं, मग थांबतो. डेडच्या फॅनना विचारलं की सगळ्यात भारी शो कुठला तर भांडणं होतात, पण एक तारीख हमखास येते, ८ मे १९७७, कॉर्नेल विद्यापीठ, बार्टन हॉल. त्या रात्रीची टेप इतकी फिरली की शेवटी अमेरिकेच्या राष्ट्रीय रेकॉर्डिंग संग्रहात गेली. ज्यानं डेड ऐकलं त्यानं ती ऐकलेली असतेच. आता त्याच तारखेचं बास्केटबॉलचं बघा. रविवार, लॉस एंजेलिस, वेस्टर्न फायनलची, म्हणजे लीगच्या पश्चिम विभागाच्या फायनलची, दुसरी मॅच. पोर्टलँड ९९, लेकर्स ९७. समोर जॅझवाला करीम, आणि त्याच्याविरुद्ध लाल पट्टा डोक्याला बांधलेला डेडवाला वॉल्टन. सिरीज पोर्टलँडनं ४-० जिंकली. म्हणजे साडेआठशेपेक्षा जास्त शो ऐकलेल्या माणसाच्या यादीत कॉर्नेलचा तो एक नाही. तो त्या दिवशी कामावर होता.